कोल्बीच्या खोलीतली जाळी

९ जुलै, सकाळी.
अख्ख्या घराचा एसी गार करेना. माळ्यावर चढून यंत्र उघडून पाहिलं तर हवा गार करणाऱ्या कॉइलवर बोटभर बर्फ. बाहेर एकशे तीन फॅरनहाइट! घाबरायचं कारण नाही. एकतीस वर्षं हायस्कूलला फिजिक्स शिकवलंय. दुपारपर्यंत निकाल लावतो.

बायकोच्या, नॅडीनच्या, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी तिला गारव्यातच राहायला बजावलंय. म्हणाली, वॉल्टर, कोल्बीला फोन कर ना, त्याचं तर हेच काम. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इंजिनियरिंग अर्धवट सोडून लोकांच्या माळ्यांवर रांगणाऱ्या पोटच्या पोराकडून मी शिकणार नाही. तीन वर्षांपूर्वी हे त्याला तोंडावर सांगितलंय. गेला तो गेला.

दोष माझा असणं शक्य नाही. उलट जूनमध्येच रिकाम्या खोल्यांच्या छतातल्या, गार हवा सोडणाऱ्या जाळ्या बंद करून गारवा वाचवलाय.

१० जुलै.
फिल्टर नवा. तीन तास हेअर ड्रायर मारून बर्फ वितळवला. हॉलच्या छतावर ओला डाग पडला, किरकोळ आहे. चार वाजता एसी सुरू, गारेगार. नॅडीनला म्हटलं, बघ! ती पेपरने वारा घेतच राहिली.
सात वाजता पुन्हा बर्फ.

११ जुलै.
गारवा कुठेतरी गळतोय. शोध लागला: कोल्बीच्या खोलीची जाळी सताड उघडी! नॅडीनने परस्पर उघडली. म्हणते, कधी आलाच तर खोली तापलेली नको. जाळी बंद करून वर चिकटपट्टी लावली. जेवणाच्या खोलीचीही बंद केली.

१२ जुलै.
बर्फ. थर्मोस्टॅट साठवर नेला, आता काय बिशाद आहे.
शेजारच्या हेक्टर ओर्टेगाने कुंपणावरून विचारलं, सर, जाळ्या किती बंद केल्यात? हा माझ्या वर्गात जेमतेम पास झालेला. म्हटलं, तू तुझं गवत काप. तर म्हणतो, कोल्बीला बोलावू का, माझ्याकडे नंबर आहे. मी आत आलो.

१४ जुलै.
नॅडीन दोन दिवस नीट जेवलेली नाही. टबात पाय सोडून बसते. म्हणाली, तुला घर गार करायचंच नाही, तुला फक्त बरोबर ठरायचंय. उकाड्याने चिडचिड होतेच माणसाची. उद्या नक्की.

१५ जुलै.
नॅडीन स्वयंपाकघरात पडली. मी माळ्यावर होतो, ड्रायरच्या आवाजात हाक ऐकू आली नाही. हेक्टरला खिडकीतून दिसली, त्यानेच अँब्युलन्स बोलावली. मी फार तर दहा मिनिटं वर होतो.

१६ जुलै.
हॉस्पिटल. शुद्धीवर आहे. नर्सने विचारलं, किती वेळ पडून होत्या? वीस मिनिटं म्हणालो.
चाळीस असतील.

१७ जुलै.
कोल्बी आला. आईचे कपडे आणि गोळ्या न्यायला, मला भेटायला नव्हे. दाढी वाढवलीय. थर्मोस्टॅटकडे पाहिलं आणि गाडीतून शिडी आणली. मी म्हटलं, फिल्टर नवाच आहे. एकेका खोलीत जाऊन जाळ्या उघडत गेला. शेवटी स्वतःची खोली. चिकटपट्टी पाहून थोडा वेळ शिडीवर तसाच उभा राहिला, मग सावकाश सोलून काढली.

खाली उतरून म्हणाला, डॅड, हवा फिरायला जागा हवी, नाहीतर कॉइल गोठते. एवढंच झालं होतं. मी म्हटलं, मी त्याच निष्कर्षावर येत होतो. त्याने बॅग उचलली. आई माझ्याकडे राहील, म्हणाला.
थांब म्हणायला हवं होतं. मी शिडी घडी करायला मदत केली.

२१ जुलै.
बहात्तर अंश. बर्फ नाही. छताचा डाग वाळला. आता घरात सगळ्यात गार कोल्बीची खोली. तिथेच बसून लिहितोय.

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. चूक माझी होती, हे पहिलंच वाक्य. नॅडीन मोबाइल उचलत नाही, म्हणून कोल्बीलाच करायचा ठरवलं. फोन हातात घेतल्यावर लक्षात आलं, तीन वर्षांत त्याचा नवा नंबर मी घेतलाच नाही. राहतो कुठे तेही माहीत नाही.

हेक्टर बाहेर गवत कापतोय. त्याला विचारावं लागेल.