माझाच मेल उशिरा का जातो

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी चौकशी केली तर लेखी काहीतरी हवं.

खरेदी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. अर्ज मेलनेच, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. उमेदवार दोन. मी (अनुभव बारा वर्षं) आणि तत्पर (सात). त्याचं नाव वेगळं आहे, पण निवड ज्यांच्या हाती आहे त्या मॅडम एका मीटिंगमध्ये त्याला तीनदा 'किती तत्पर' म्हणाल्या, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच नाव बसलंय.

आम्ही दोघंही घरून काम करतो, व्हीपीएनवरून. व्हीपीएन म्हणजे आपल्या घरापासून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंतचा खासगी बोगदा. त्याचा मेल त्यातून सुसाट जातो. माझा आत शिरतो आणि बसकण मारतो. आज मॅडमनी दरपत्रक मागितलं. माझं तयार होतं. 'पाठवत आहे', 'पाठवत आहे', सतरा मिनिटं. तेवढ्यात त्याचं पोचलं आणि त्याला शाबासकीही मिळाली.

मला मत्सर वाटत नाही. अन्याय वाटतो. फरक आहे.

४ जून
राउटर हॉलमधून बेडरूममध्ये. फरक नाही. बेडरूममधून कपाटावर. फरक नाही. मग स्वयंपाकघरातून थेट वायर ओढली. सासूबाई अडखळल्या. पडल्या नाहीत, तरी वायर काढायला लावली. या घरात माझ्या करिअरचं कुणाला काही नाही.

तत्परचे मेल आपोआप 'पुरावे' नावाच्या फोल्डरमध्ये पडतात, ही सोय दीड वर्षापूर्वीच केली आहे. वाचत नाही, उगाच बीपी वाढतं. फक्त वेळ बघायची, आणि माझा मेल अडकलेल्या स्क्रीनचा फोटो शेजारी ठेवायचा. बायको म्हणाली, एवढ्या वेळात अर्ज लिहून झाला असता. तिला काय कळतंय.

५ जून
हेल्पडेस्कच्या बाईंना फोन. त्यांनी मशीन बंद-चालू करायला लावली. व्हीपीएन तोडून बघितलं, इंटरनेट झकास. जोडून बघितलं, तेही ठीक. म्हणजे दुखणं मेलमध्येच आहे म्हणाल्या. मी मुद्द्यावर आलो. तत्परला वेगळा, रुंद बोगदा दिलाय का? नाही म्हणाल्या, सगळ्यांना एकच. पण उत्तर देण्याआधी थोड्या थांबल्या. नोंद केली.

६ जून
बाईंनी त्यांच्याकडून माझी स्क्रीन उघडली. 'पुरावे' दिसला. आत नऊ हजार मेल आणि सहा हजार फोटो.

त्यांचं म्हणणं असं : मी तो फोल्डर दिवसातून शंभरदा उघडतो. दर वेळी तो अख्खा ढीग बोगद्यातून ऑफिसशी ताडून बघितला जातो, आणि माझा मेल मागे ताटकळत बसतो. फोल्डर उडवा, मेल पळेल. हे एवढं काय साठवलंय, असंही विचारलं. मी म्हटलं, अभ्यास आहे.

दीड वर्षाची मेहनत अशी उडवू? निश्चय : उद्या आधी अर्ज, मग फोल्डर. ठरलं म्हणजे ठरलं.

७ जून, सकाळी १०
अर्ज झाला. दोन पानं, दणदणीत. पण मग वाटलं, मॅडमना सत्यही कळायला हवं. निवडक पुरावे जोडले. निवडक म्हणजे चारशे बारा.

दुपारी ३
पाठवत आहे.

४.२५
तत्परचा फोन. उचलला नाही. अर्ज गेला का विचारून जखमेवर मीठ चोळणार. परत फोन. फोन म्यूट करून उशीखाली.

५.१०
पाठवत आहे. बायको म्हणते, पुरावे काढून नुसता अर्ज पाठव, नाहीतर मॅडमना फोन कर. फोन करून गयावया करणाऱ्यांतला मी नाही. शिवाय कुठल्याही क्षणी जाईल.

१० जून, सोमवार
तत्पर प्रमुख झाला.

पोटात दुखलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो : मत्सरच आहे. पहिल्यापासून होता.

हेल्पडेस्कला फोन केला, म्हटलं उडवा. बाई म्हणाल्या, शुक्रवारचे तीन 'तातडीचे' म्हणून आलेत, बघून घ्या. तिन्ही तत्परचे. उघडले.

४.२० : मॅडमकडे तुझा अर्ज आलेला नाही, पाठव लवकर.
४.३५ : फोन का उचलत नाहीस? मेल जात नसेल तर फोनवर सांग, मी टाइप करून मॅडमना देतो.
५.०५ : मॅडमना साडेसहापर्यंत थांबायला सांगितलंय. एकट्याच्या अर्जावर मिळालेली जागा मलाही नको.

तिन्ही वेळेवर पोचले होते.

उडवू ना, बाईंनी विचारलं. म्हटलं, हे तीन राहू द्या. बाकी गेलं, पाच मिनिटांत.

मग तत्परला मेल लिहायला बसलो. चार ओळी खोडल्या, 'अभिनंदन' ठेवलं. बटण दाबलं आणि गेलासुद्धा. त्याचं उत्तरही आलं, मनापासूनचं. या वेळी फक्त मजकूर वाचायचा, असं ठरवलं होतं.

उत्तराला लागले अठ्ठावीस सेकंद.