थंड भट्टी आणि तुमचे बंधू

हॅरो, रविवार

तीर्थरूप सुमनताईंस,

मीनाक्षीचा नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून). सांगलीत सगळे खुशाल ना? इकडे तुमचे बंधू उत्साहात आहेत, त्यामुळे मी थकले आहे.

मार्चमध्ये हे गळती बघायला लॉफ्टवर चढले आणि एक जुनी रेकॉर्ड घेऊन उतरले. (गळती अजून आहे.) 'टिन बिशप' नावाच्या बँडचा बहात्तर सालचा आल्बम, 'कोल्ड फर्नेस', म्हणजे थंड भट्टी. तेव्हापासून रोज जेवणानंतर ती पेटते. हार्ड रॉक म्हणजे काय विचाराल, तर घरातली सगळी पातेली जिन्यावरून गडगडत येतात आणि वरून कुणीतरी त्यांच्यावर ओरडत असतं. कपाटातल्या बशा थरथरतात. शेजारीणबाई दोनदा येऊन अगदी गोड बोलून गेल्या. इथे त्यालाच भांडण म्हणतात.

त्यात मागच्या शनिवारी त्या बँडचा ड्रमर मँचेस्टरच्या एका दुकानात सह्या देणार, असं यांना कळलं. बायपासनंतर एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेले. दीड तास रांगेत उभे राहिलो. ड्रमर ऐंशीचा, दोन्ही कानांत यंत्रं. यांनी पन्नास वर्षं मनात जपलेलं भाषण केलं. त्यानं शांतपणे ऐकलं, सही केली आणि हळूच म्हणाला, "कान तपासून घे बाबा. मी फार उशीर केला."

"थँक यू, माझा मोठाच सन्मान झाला!" तुमचे बंधू म्हणाले.

परतीच्या ट्रेनमध्ये रेकॉर्ड मांडीवर घेऊन हे म्हणाले, "इथे आलो त्या पहिल्या वर्षी खोलीत माझ्याशी बोलणारं एवढंच होतं गं." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच ऐकलं. आता आवाज कमी करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बशा तेवढ्या खालच्या फळीवर ठेवल्या आहेत.

तब्येतीला जपा.

तुमची,
मीनाक्षी

ता. क. पुढच्या महिन्यात कान तपासायची अपॉइंटमेंट घेतली आहे. हे माझं ऐकत नाहीत (दोन्ही अर्थांनी). थोरल्या बहिणीचा शब्द मोडायचे नाहीत. जरा दटावा.

पुन्हा ता. क. फोनवर नको. मागे तुम्ही अर्धा तास रागावलात, तेव्हा हे आनंदानं "हो हो, इकडेही थंडी आहे" म्हणत होते. पत्रच टाका.