कुंदाला गप्प राहायला शिकवलं

सौसर, मंगळवार, ९ डिसेंबर १९८६

संध्याकाळपासून पोरगी एक शब्द बोलली नाही.

वर्गातला गोंगाट सोसेना म्हणून लेकीचं पांढुर्ण्याचं कॉलेज सुटलं, तेव्हा मीच कुंदाला बोरगावला संत्र्यांच्या वखारीत लावून दिलं. फळ निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं शेटजी स्वतः म्हणायचे. पेटीत खाली बारकी संत्री आणि वरच्या थराला मोठी, ही इथली रीतच. घेणाऱ्यालाही ती माहीत असते, फक्त बोलत कोणी नाही. आज नागपूरच्या व्यापाऱ्याने पेटी उघडली आणि कुंदा त्याला म्हणाली, "खाली बारकी आहेत." तो माल न घेताच गेला.

मी तिला आणायला गेलो तेव्हा शेटजी म्हणाले, "मास्तर, पोरगी कामाची आहे जी. पण गिऱ्हाइकापुढं गप्प राहाचं, एवढं शिकवा तिला. नाहीतर उद्यापासून पाठवू नका."

खाली बारकी होतीच ना. खोटं काय बोलली ती?

तरी घरी आणून मी तिला शिकवलं. दहादा म्हणवून घेतलं, "मी बोलणार नाही."

काय करून राहिलो मी? सहा वर्षांची होईस्तोवर ती बोलत नव्हती. तिच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून तिच्या आईने जामसांवलीच्या मारुतीला किती शनिवार केले.

आता जेवताना तिच्या आईने विचारलं, "भाजी वाढू काय?" कुंदाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून ताटावर हात आडवा धरला.