परमाला घरी आणण्याच्या हक्काबाबत

मी, कुंदाबाई रुपचंद नारखेडे, वय अठ्ठ्याहत्तर, काम घरचंच, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेबांनी सांगितलं. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणून या घरात कोणाला कधी काही मिळालेलंही नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कलमं वकीलसाहेबांनी पाडून दिली, मजकूर माझा आहे. त्यांनी जिथे जिथे "हे लिहायची गरज नाही" म्हटलं, तिथे मी थोडं जास्तच लिहिलं आहे.

१. जळगावातलं राहतं घर माझ्या मालकीचं आहे. ते मुलगा हितेंद्र याला द्यावं. ह्यांनी डाळमिलमध्ये जन्मभर मुनिमी करून ते बांधलं. हितेंद्रने वर मजला चढवावा, सुनेला आवडतो तो गुलाबी रंगही द्यावा. मी तो बघायला नसेन, हे बरंच आहे.

२. माझ्या पाटल्या सून डिंपल हिला. तिने माझं सगळं केलं आणि केल्याचं बोलूनही दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पाटल्या पहिल्या गोष्टीसाठी आहेत. सोन्याची पोत नात भूमिका हिला.

३. कुर्डयांचा पितळी सोऱ्या शेजारच्या पुनमला. हितेंद्रच्या घरात आता कुर्डया विकतच्या येतात. सोऱ्या तिथे राहिला तर त्यात फुलं लावून दिवाणखान्यात ठेवतील.

४. 'हिरव्या झेंडीचा मुलुख' या पुस्तकाचे हक्क. खरं तर हा कागद मी याच कलमासाठी करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे मुलांचं पुस्तक माझे वडील निंबा गुरुजी यांनी लिहिलं. ते धुळ्याला प्राथमिक शिक्षक होते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. परमा नावाचा नऊ वर्षांचा मुलगा चाळीसगावला चुकीच्या गाडीत बसतो आणि ती गाडी त्याला मुलखामुलखांतून फिरवते, अशी ती गोष्ट आहे. शेवटच्या पानावरही परमा गाडीतच असतो. गार्ड हिरवी झेंडी दाखवतो आणि गाडी चाळीसगावच्या दिशेने निघते, एवढंच. ज्यांनी हे लहानपणी वाचलं ते आता आजी-आजोबा झाले आहेत आणि अजून मला पत्रं लिहितात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यांतले बरेचजण चाळीसगावच्या फलाटावर हिरव्या झेंड्या घेऊन उभे राहतात. नातवंडांना कडेवर घेतात आणि गाडी आली की झेंड्या हलवतात. मला एकदा तिथे नेऊन हार घातला होता. मी घरी आले ती दोन दिवस अंथरुणातच होते.

कारण परमा म्हणजे माझा धाकटा भाऊ प्रेमराज. आखाजीला लेकी माहेरी येतात, ही आमच्या खानदेशाची रीत. म्हणून आई आम्हा दोघांना घेऊन धुळ्याहून असोद्याला, तिच्या माहेरी निघाली होती. चाळीसगावला गाडी बदलायची असते. आई बोचकं उचलायला वाकली, मी पाण्याची बरणी धरली होती. समोर उभी असलेली गाडी आमचीच समजून प्रेमराज पुढे पळाला, चढला, आणि खिडकीतून आम्हाला हात केला. ती गाडी मुंबईकडे जाणारी होती. आम्ही फलाटावर, तो गाडीत, आणि गाडी हलली. तो हसत होता, कारण आपण चुकलो हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

आबांनी मनमाड, कल्याण, मुंबई, सगळी स्टेशनं पालथी घातली. मग शोधायचं काही उरलं नाही तेव्हा लिहायला बसले. पुस्तक गावोगाव गेलं तर ते वाचून कोणीतरी पोराला ओळखेल, अशी त्यांची आशा होती. म्हणून त्यांनी त्यात त्याचं सगळं घातलं. हनुवटीवरचा वण, झोपताना कानाची पाळी चोळायची सवय, आईची अंगाई, डांगराचं, म्हणजे खरबुजाचं वेड, मला 'अक्का' म्हणणं. पुस्तक गावोगाव गेलं. पोर आलं नाही. कायदा सात वर्षांनी हरवलेल्याला मेलेला धरतो, आबांनी धरला नाही. आबा गेल्यावर वारसाच्या अर्जात "दुसरा वारस सापडला नाही" असं मी लिहिलं. नुसतं "दुसरा वारस नाही" असं लिहायला त्यांनी मला मनाई करून ठेवली होती.

५. माझा चुलतभाऊ दीपक, राहणार धुळे, याला काहीही नाही. मालमत्तेचा राग नाही. प्रेमराज गेला त्याच्या पुढच्या आखाजीला दीपकच्या आईने, म्हणजे आमच्या काकूने, त्याच्या नावाची घागर भरली. आखाजीला घागर भरतात ती मेलेल्यांसाठी. वर डांगर आणि सांजोरी ठेवून ती आबांना न विचारता आमच्या ओट्यावर आणून मांडली. काकूचं म्हणणं होतं, "पोऱ्यानं पाणी अडकी ऱ्हायनं शे," म्हणजे पोराचं पाणी अडून राहिलंय. आबांनी ती घागर तुळशीत उपडी केली आणि एवढंच म्हणाले, "तो जित्ता शे." त्या दिवसापासून आमचं त्यांच्याकडचं पाणी बंद. आता मला वाटतं, काकूनं ते मायेनं केलं असेल. तरीही दीपकला काहीही नाही. मायेनं केलेली गोष्टसुद्धा सोसत नाही कधी कधी.

६. पुस्तकाचे पुढचे भाग. पुण्याच्या लेखिका ज्योती बेंडाळे यांना मी दोन भाग लिहायची परवानगी दिली होती, ते दोन्ही निघाले आहेत. त्यांतला परमा अजून नऊच वर्षांचा आहे, पण डब्यात आता मोबाईलवाली पोरं आहेत आणि तो त्यांच्याबरोबर नूडल्स खातो. पहिल्या भागाच्या वेळी जुन्या वाचकांनी मला शिव्यांची पत्रं पाठवली. आमच्या परमाला तुम्ही नूडल्स कसे खाऊ दिलेत, असं एका निवृत्त प्राचार्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं की इतकी वर्षं तो उपाशी आहे, मिळेल ते खाऊ द्या. नव्या पोरांना मात्र हेच भाग आवडतात. माझी नात भूमिका जुनं पुस्तक आबांसाठी वाचते आणि नवं स्वतःसाठी. मी नवे दोन्ही भाग चष्मा लावून, नाक मुरडून, शेवटपर्यंत वाचले. वाईट नाहीत. एका ठिकाणी रडलेसुद्धा, पण ते ज्योतीला कळवलेलं नाही.

आता ज्योतीला तिसरा भाग लिहायचा आहे, परमा घरी येतो तो. शाळाशाळांतून पोरांची पत्रं येतात, त्याला घरी आणा, त्याला घरी आणा. कराराचा कागद माझ्या कपाटात पडून आहे. आबा जाताना मला म्हणाले होते, "तो आल्याशिवाय त्याला आणू नको." आणि ज्योती म्हणते, घरी आलेला परमा बहिणीनं ओळखायला हवा. अशा एखाद्या खुणेनं, जी पुस्तकात नाही. तशी खूण माझ्याकडे आहे, हे तिला माझ्या बोलण्यावरून कळलं. पोरगी हुशार आहे.

ती खूण छापली की ती सगळ्यांची होणार. मग माझा खरा भाऊ दारात आला तर त्याला ओळखायचं कशावरून? आणि नाही छापली तर ती माझ्याबरोबर जाणार, मग त्याला ओळखणार कोण? या दोन्हींत मी दिवसचे दिवस अडकून बसते आणि दुपारच्या चहाला डिंपल हाक मारते तेव्हा उठते.

७. हे मी उगाच घाबरून लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात एक माणूस आला. वय प्रेमराजइतकंच असावं, हनुवटीवर वण, अंगात धुवट सदरा. दारात उभा राहून म्हणाला, अक्का, मी परमा. हितेंद्र दुकानात होता. डिंपलनं मला खूण केली की आत घेऊ नका. मी घेतलं.

तो गाडीचं बोलला, आईची अंगाई म्हणून दाखवली, डांगराचं बोलला. सगळं बरोबर होतं आणि सगळं पुस्तकात होतं. चेहऱ्यावरून ओळखावं तर माझ्या मनात आता प्रेमराजचा चेहराच उरलेला नाही. मुखपृष्ठावरचा चेहरा आहे, आणि तो चित्रकाराच्या शेजारच्या मुलाचा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला माझ्या भावाचा चेहरा आठवत नाही.

मग मी त्याला ती एकच गोष्ट विचारली. धुळ्याहून येताना गाडीत आपलं काय ठरलं होतं?

तो विचारात पडला. कानाची पाळी चोळायला लागला. ते तो आठवत होता म्हणून की पुस्तकात आहे म्हणून, हे मला सांगता येणार नाही. असोद्याला जाऊन डांगर खायचं, असं म्हणाला. मी मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "लई वर्सं झाली, अक्का. नाही आठवत." तो उठला, "मंग मी नसंल तो," म्हणाला आणि चपला घालून गेला. मी त्याला हाक मारली नाही, कारण कोणत्या नावानं मारायची ते कळेना. कुठून आला, कुठे गेला, काही विचारलं नव्हतं. भूमिकेनं रिक्षावाल्यांकडे चौकशी केली, बसस्टँडवर जाऊन आली. नाही सापडला.

हितेंद्र म्हणतो, भामटा असेल. भामटा काहीतरी मागतो, यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. भूमिका म्हणते, आज्जी, वाचक असेल गं, एकटा असेल, तेच तेच पुस्तक वाचून त्याला तसं वाटायला लागलं असेल. आणि मी म्हणते, नऊ वर्षांच्या पोरानं चालत्या गाडीत बोललेलं म्हातारपणी विसरला असेल. मी स्वतः सकाळी गोळी घेतली की नाही ते विसरते, मग त्याला कोणत्या तोंडानं परीक्षेला बसवलं? यातलं खरं काय ते मला आता मरेपर्यंत कळणार नाही. मी याच्यापुढे हात टेकले आहेत.

८. म्हणून माझा निर्णय. पुस्तकाचे सर्व हक्क नात भूमिका हिला. तिने ज्योती बेंडाळे यांना तिसरा भाग लिहू द्यावा. आबांचा शब्द मी मोडते आहे आणि पूर्ण शुद्धीत मोडते आहे. तो येईपर्यंत थांबायचं, एवढं आयुष्य आबांनाही पुरलं नाही आणि मलाही पुरणार नाही. पोरं वाट बघतायत, निदान त्यांना तरी तो मिळू दे.

ज्योतीसाठी ती खूण इथेच लिहून देते. आखाजीचा झोका माहेरवाशिणींचा असतो. मुलांनी दोर बांधायचे आणि बाजूला व्हायचं. पण प्रेमराजला बसायचं होतं, सगळ्यांच्या आधी. गाडीत आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला, "अक्का, पहिला झोका मना." मी म्हटलं, तुझा. एवढंच ठरलं होतं.

९. हे छापून आल्यावर जो कोणी दारात येईल त्याला हेही ठाऊक असेल. भाऊ कोण आणि वाचक कोण, हे ओळखायचं साधन त्यानंतर कोणाकडेच राहणार नाही. म्हणून हितेंद्रवर घराबरोबर ही एक अट आहे. मागच्या अंगणाकडची खोली भाड्याने देऊ नये, तिथे अडगळ टाकू नये. परमा म्हणून कोणीही आला तर त्याला काहीही न विचारता आत घ्यावं, जेवू घालावं, राहतो म्हणाला तर राहू द्यावं. दोघे आले तर दोघांनाही. त्याच्या नावाची घागर या घरात कोणी भरू नये.

वकीलसाहेब म्हणाले, कुंदाबाई, अशी अट कोर्टात टिकत नाही. डिंपल म्हणाली, उद्या दाराशी रांग लागेल. दोघांचं बरोबर आहे. वकीलसाहेबांना मी म्हटलं, तरी लिहा. आणि डिंपलला एवढंच सांगते की त्या रांगेत तो असला, तर या वेळी त्याला परत जाऊ देऊ नको.

वरचा सगळा मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि मी तो ऐकून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर खाली सही केली.

सही: कुंदाबाई रुपचंद नारखेडे

साक्षीदार, दोघांनीही कुंदाबाईंना सही करताना पाहिलं:
१) डॉ. कुंदन यशवंत भोळे, जळगाव. सही करताना त्या शुद्धीत होत्या, रडत होत्या.
२) रूपा मधुकर कोल्हे, निवृत्त ग्रंथपाल, जळगाव

ठिकाण: जळगाव
दिनांक: १२ मार्च २०२५