आई होडीतून बँड ऐकायला गेली, त्याची खरी हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (या खेपेस तो अक्षरशः साष्टांग आहे. पाठ धरल्यामुळे मी गादीवर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराबद्दल राग नसावा.) तुझी सर्दी एव्हाना गेली असेल. आम्ही सगळे खुशाल आहोत, आईसुद्धा. आमच्या शेजारणीनं तुला फोनवर जे सांगितलं ते खोटं नाही, पण तिच्या सांगण्यात पाणी तळ्यापेक्षा जास्त असतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण ती खिडकीतल्या खुर्चीवरून उठायचं नाव घेईना. काहीही विचारा, उत्तर एकच, बघू. जेवतेस का, बघू. रेडिओ लावू का, बघू. म्हणून तर आपण दोघांनी ठरवलं, की येत्या एक तारखेला तिला तुझ्याकडे हलवायचं. गेल्या रविवारी दुपारी चहा देताना मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, की आज तळ्यावर उन्हाळी उत्सव आहे, तराफ्यावर बँड वाजणार आहे. त्यावर ती म्हणाली, "मला ऐकायचाय." ताई, पाच महिन्यांत 'बघू' सोडून तिच्या तोंडून निघालेली ही पहिली गोष्ट. माझ्या कपातला चहा बशीत आला.

पण न्यायचं कसं? तळ्याकडचा रस्ता बेकरीपासूनच तुंबलेला, मुंगीला शिरायला जागा नव्हती. तेव्हा खालच्या मजल्यावरचे प्लंबर म्हणाले, मास्तर, मागच्या धक्क्याला माझी होडी आहे, ती न्या. (गावभरच्या घरांतली गळती हा माणूस काढतो, स्वतःच्या होडीतली काढायला त्याला सवड झालेली नाही. होडीबरोबर त्यांनी पत्र्याचा एक डबा दिला, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.) दोघांनी मिळून आईला खुर्चीसकट धक्क्यावर नेलं, होडीत उशीवर बसवलं आणि मी वल्ही हातात घेतली. एकवीस वर्षं मी भूगोल शिकवतो आहे. नद्या, सरोवरं, प्रवाह सगळं तोंडपाठ. पण वल्हवणाऱ्यानं जायचं त्या दिशेला पाठ करून बसायचं असतं, हे पाठ्यपुस्तकात कुठेच नाही. धक्क्यासमोर आम्ही तीन गिरक्या घेतल्या. चौथ्या गिरकीला आई शांतपणे म्हणाली, "साखर विरघळायची वाट बघतोयस का? ढवळू नकोस, पाणी मागे लोट." मी लोटलं, आणि काय आश्चर्य, होडी निघाली.

पलीकडच्या काठाजवळ तराफा होता. तिथं पोचतो तर रस्त्यावरची गर्दी बरी म्हणायची वेळ आली. गावातला जो तो माझ्याइतकाच हुशार निघाला होता. होड्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की पाणी दिसेना, आणि लोक सरळ या होडीतून त्या होडीत पाय टाकत चालायला लागले. आमच्या होडीचा पूल झाला. येणारा जाणारा "आजी, जरा पाय" म्हणायचा आणि आई पाय आखडून घ्यायची. (पाय आखडून, ताई. जो वाकवता वाकवता व्यायामाच्या बाई थकून गेल्या, तोच पाय.)

बँड मात्र काही वाजेना, कारण मोठा ड्रम वाजवणारे गृहस्थ काठावरच अडकले होते. शेवटी ते पोटावर ड्रम बांधून अकरा होड्या ओलांडत आमच्यापर्यंत आले. तराफ्याच्या बाजूला आमची होडी शेवटची, पुढे तराफ्यापर्यंत आठ-दहा हात मोकळं पाणी. एवढं पलीकडे सोडा, म्हणाले. मी वल्ही हातात धरूनच त्यांना जागा द्यायला उठलो, ते ड्रमसकट होडीत उतरले, आणि पुढचं मला नीटसं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी पाण्यात होतो आणि वाचवा म्हणून ओरडत होतो. शेजारच्या होडीतल्या एका बाईंनी वाकून सांगितलं, "अहो, उभे राहा ना." उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

वळून पाहतो तर आई वल्हवत होती. अंगावर शाल, कमरेत ताठ, वल्ह्याचा आवाजसुद्धा नाही. ड्रमवाल्यांच्या हाती तिनं तो डबा दिला होता आणि ते बिचारे मुकाट्यानं पाणी उपसत होते. चार-पाच वेळा वल्हं मारून तिनं होडी तराफ्याला अलगद लावली. मी चालत चालत मागून पोचलो. "शाळेत मी होडीनंच जायची," ती म्हणाली, जणू काल-परवाची गोष्ट. तुला ठाऊक होतं का हे? मला नव्हतं. आपण कधी विचारलंच नाही.

बँडवाल्यांनी आमची होडी तराफ्यालाच बांधून घेतली. आईनं तासभर बँड ऐकला, दोन कप आइस्क्रीम खाल्लं, आणि सनईसारख्या त्या लांबड्या वाद्याचं नाव वाजवणाऱ्यालाच विचारून घेतलं. येताना तिनं वल्हवलं, मी उपसलं. मंगळवारी ती काठी टेकत धक्क्यापर्यंत चालत गेली. मी मागे होतो, पण मागे आहे हे तिला कळू दिलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण एवढंच, की एक तारखेचा टेम्पो रद्द कर. तू तिच्यासाठी खोली किती हौसेनं तयार केलीस ते मला माहीत आहे, म्हणून फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही. पण तिचं 'बघू' थांबलंय. ते पुन्हा सुरू झालं तर ते थांबवायला माझ्याकडे दुसरा बँड नाही.

आणखी ता. क. (आईच्या हातचा) – चि. बेबीस अनेक आशीर्वाद. यानं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून आधी वाचलं. तो तोल जाऊन पडला नाही. मी ढकलला. वल्ही काही केल्या सोडेना, आणि तिकडे माणसं खोळंबली होती. त्याला हे सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. तुझ्याकडे पंधरा दिवस राहायला जरूर येईन. तुझ्या घरापासून पाणी किती लांब आहे, तेवढं उलट टपाली कळव.