हजेरीपटावरचे पहिले नाव

६ फेब्रुवारी १९९५
दादाला जाऊन एकवीस दिवस. जलदान विधी आटोपला, म्हणून आज लाँचवर कामाला गेलो. तिकिटे फाडली. दादाच्या जागी चाकावर गणपत. एरवी तो दोर टाकतो. धरणातले वळण दादासारखेच घेतले. त्यानेच शिकवलेले.
दुपारी हजेरीपट भरला. दादाचे नाव पहिले. तांबडी रेघ मारायची होती. मागच्या सगळ्या दिवसांना 'र' लिहिले. रजा, बिनपगारी. रेघ उद्या.

१४ फेब्रु.
जुन्या मालकाने लाँच विकल्या. नव्या कंपनीचे साहेब नगरहून आले. पूल झाल्यापासून प्रवासी कमी, तेव्हा दोनऐवजी एकच लाँच. सातांतले चार ठेवणार, जुने आधी. हजेरीपट चाळला.
"पहिला माणूस रजेवर?"
मी हो म्हणालो. का म्हणालो...
पट घेऊन गेले.

२७ फेब्रु.
यादी आली, सोबत पट परत. दादा पहिला. मी तिसरा. गणपत पाचवा, म्हणजे मार्चअखेर घरी.
"मास्तर, दादांना ठिवलं आन् मला काढलं व्हय? सांगा त्यांना, उद्या पैली फेरी हाय."
सगळे हसले, तोही. मग दोर गुंडाळत बसला. दोर गुंडाळलेलाच होता.
जाताना म्हणाला, "मी नगरला कळवनार न्हाई. हजेरी तुमी भरता."

२८ फेब्रु.
वहिनीला सगळे सांगितले. खोटी हजेरी कबूल केली तर माझी नोकरी जाईल, हेही. ती भाकरी थापत होती.
"भाऊजी, ते कधी एक दिस तरी रजेवर राह्यले का?"
पुढची भाकरी तव्यावर टाकली.

१ मार्च
पट्टी धरून रेघ मारली. पुढे लिहिले: मयत, १६ जानेवारी. कंपनीला पत्र: 'र' मी लिहिले, गणपतचा दोष नाही, चौथी जागा त्याची.
टपालपेटी पलीकडच्या काठाला. गणपतने पाकिटावरचा पत्ता वाचला. भोंगा नेहमीपेक्षा लांब वाजवला.

११ मार्च
उत्तर नाही. गणपत आता मला चहा पाजतो, मी नको म्हणत नाही.
पटावर आता सहाच नावे. बाकीच्यांपुढे शाईने 'ह' लिहिले. माझ्यापुढे पेन्सिलीने.