आलेलुयाची रजा

शनवारा, बऱ्हाणपूर
राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस

प्रिय हिमानी,

खरं तर वर 'गोटू' लिहिणार होते. पण ते नाव तुझ्या पप्पांच्या मालकीचं. मी कधी चुकून तुला गोटू म्हटलं की ते लगेच टोकायचे, तुझ्या तोंडी ते बसत नाही भारती, तू आपली हिमानीच म्हण. म्हणून हिमानी. तुमची पत्रं आधी तुम्हाला शिकवणाऱ्या मिस्ट्रेस सिस्टर वाचतात हे मला माहीत आहे. त्यामुळे तू सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटात जाऊन नोव्हिस झाल्यापासून मी तुला केळीचे भाव, शेजारच्या मालूबाईच्या म्हशी आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमलं एवढंच लिहीत आले. आजचं पत्र मात्र सिस्टरांनीही नीट वाचावं असं आहे. सिस्टर, जय येसू. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

मुख्य गोष्ट पहिल्यांदाच लिहून टाकते, नाहीतर पत्र संपेल आणि ती राहून जाईल. पप्पांच्या घशात गाठ आहे. वाईट गाठ. आवाज जिथून निघतो नेमकी तिथेच. येत्या मंगळवारी इंदूरला ऑपरेशन आहे आणि डॉक्टर ती जागाच काढून टाकणार आहेत. जीव वाचेल म्हणतात. आवाज राहणार नाही.

तू रडून घे, मग पुढे वाच. मला घाई नाही.

दिवाळीपासून घसा बसला होता. कागद कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाचा घसा बसणारच, असं म्हणून आम्ही हळद-दूध, ज्येष्ठमध, फादर सेबास्टियन यांनी केरळहून मागवलेला तो कडूजहर काढा, सगळं करून पाहिलं. शेवटी आपल्या गायनमंडळातली रजनी, ती दवाखान्यात नर्स आहे ना, तिनं त्यांना ओढतच इंदूरला नेलं. तिथे तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टचं मला कोणी काही बोललं नाही, आणि मीही वेडी, विचारलं नाही. नाताळ तोंडावर, घरात रंगाचे डबे, करंज्यांचं सारण, मला कुठली शुद्ध.

मग आगमनकाळाचा तिसरा रविवार आला. वेदीजवळ गुलाबी मेणबत्ती पेटवली, क्षमायाचना झाली, आणि पप्पांनी पेटीवर सूर धरून सरळ 'महिमा' सुरू केला! आगमनकाळात महिमा गायचा नसतो, तो नाताळसाठी राखून ठेवायचा असतो, हे आपल्या चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भूपेंद्रचा हात तबल्यावर तसाच राहिला. फादर वेदीवरून बघत राहिले. पण गायनमंडळाच्या रामदास मास्तरांना, तुझ्या पप्पांना, थांबवणार कोण? इतकी वर्षं तेच सगळ्यांना थांबवत आले. पप्पा डोळे मिटून थेट आमेनपर्यंत गेले. आवाज फाटत होता, तरी एकही ओळ गाळली नाही. मिस्सेनंतर अंगणात चहाच्या वेळी सगळ्यांनी त्यांची टर उडवली. भूपेंद्र म्हणाला, मास्तर, इस बार नाताळ जल्दी आ गया क्या? पप्पाही हसले. मी मात्र चिडले होते. रस्ताभर त्यांना ऐकवत आले, की वय झालं, आता पेटी दुसऱ्या कोणाकडे द्या, चारचौघांत शोभा करून घेऊ नका.

घरी आल्यावर मी चहा ओतत होते तेव्हा ते म्हणाले, चुकलो नाही भारती. नाताळपर्यंत आवाज पुरेल की नाही कोण जाणे, म्हणून आधीच गाऊन घेतला. आदल्या दिवशीच रिपोर्ट आला होता. चहा बशीतून ओट्यावर गेला, ओट्यावरून खाली, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

त्यानंतर सुरू झालं त्यांचं 'होऊ दे'. डॉक्टर म्हणत होते लगेच या. पप्पा म्हणाले, नाताळ होऊ दे. मी म्हटलं बरं, नाताळ तर नाताळ. येसूजन्माची गव्हाणी त्यांनीच केली, छपराला कपाशीच्या पऱ्हाट्या, खाली केळीच्या सोपटांची भिंत, आणि बर्फ म्हणून आपल्या इथला कापूस. थंडीमुळे फादरांनी यंदा मिस्सा लवकर ठेवली. महिमा अर्ध्या आवाजात झाला, पण झाला. बुधवारा मोहल्ल्यातून मावा जलेबी आणली तर गिळवेना. दुधात कुस्करून खाल्ली आणि मला म्हणाले, अशीच जास्त चांगली लागते. खोटं बोलताना या माणसाचे कान हलतात, तुला माहीत आहे. मी कानांकडे बघितलंच नाही.

नाताळ झाला तर म्हणे तीन राजांचा सण होऊ दे. तो झाला तर मेणबत्त्यांच्या आशीर्वादाचा सण होऊ दे. डॉक्टर रजनीवर ओरडले, हा माणूस गंमत समजतो का? गाठ वाढते आहे. मी भांडले, जेवण टाकलं, फादरांना मध्ये घातलं. फादर त्यांना समजावायला आले आणि पप्पांनी त्यांच्याकडूनच पुढच्या रविवारची भजनं ठरवून घेतली. शेवटी मी चर्चचं कॅलेंडर भिंतीवरून काढून कपाटामागे टाकलं. पण त्यांना सगळे सण पाठ! नवऱ्याशी भांडता येतं गं. देवाच्या कॅलेंडरशी कशी भांडू? मी नुसती घरात इकडून तिकडे फिरते. कुकर लावते, आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरते.

मालूबाईला कुणी सांगितलं नव्हतं, तिला आपोआप कळलं. एक दिवस ती इच्छापूरला जाऊन इच्छादेवीला नवस बोलून आली. मला म्हणाली, वहिनी, भाऊले काय बी व्हनार नई, देवी बसेल शे ना. सोबत कुंकवाची पुडी आणली होती. तुझ्या पप्पांनी गुपचूप मान पुढे केली आणि तिनं गळ्याला कुंकू लावलं. मी अडवलं नाही. सिस्टर, तुम्हाला हे आवडणार नाही कदाचित, पण त्या वेळी कोणीही माझ्या माणसाच्या गळ्याला हात लावून बरं होईल म्हटलं असतं तर मी दार उघडून दिलं असतं.

मेणबत्त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी संत ब्लेझचा सण. लहानपणी तुला याचं भारी हसू यायचं, फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याला लावतात आणि घशाच्या दुखण्यापासून सुटका मागतात, तर तू गुदगुल्या होतात म्हणून खिदळायचीस. यंदा मी पप्पांच्या मागेच रांगेत उभी होते. फादरांनी सगळ्यांच्या गळ्याला मेणबत्त्या टेकवल्या न टेकवल्या आणि पुढे ढकललं. पप्पांच्या गळ्याला लावल्या त्या काढेचनात. मागची रांग खोळंबली. मी मनात म्हटलं, देवा, हा माणूस तरुणपणापासून फक्त तुझंच गातो. सिनेमाचं एक गाणं घरात गुणगुणला नाही. मला लग्नानंतर किती वाटायचं, एखादं गावं. आणि तू नेमका तोच घसा शोधलास? माझी पाळी आली तेव्हा मी मान पुढे केली नाही. हे पाप असेल तर असू दे.

गेल्या रविवारी, चालीसाचे ते ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस लागायच्या आधीच्या मिस्सेत, त्यांनी आलेलुया गायला. पहिला सूर लागला, दुसरा गेलाच. नुसती हवा. पेटी वाजत राहिली. मग भूपेंद्रनं उचलला, रजनीनं उचलला, आणि मागच्या बाकांवरच्या माणसांनीही, ज्यांना पप्पांनी जन्मात कधी सुरात आहात म्हटलं नाही त्यांनी सुद्धा. बेसूरच गायले, पण गायले. पप्पा मान हलवत पेटी वाजवत होते. कोणी कुठे चुकलं ते त्यांनी नंतर सांगितलं नाही, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

काल राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून आलो, अंगणात बसलो, आणि ते आपणहून म्हणाले, रजनीला सांग, डॉक्टरांना कळव. मी म्हटलं, आता कसं काय? तर म्हणतात, चालीसाभर आलेलुयाला सुट्टी असते ना, त्याला सुट्टी लागली की मीही रजा टाकतो. कारखान्यात असताना रजेचा अर्ज लिहायचे त्याच चेहऱ्यानं बोलले. इतके दिवस मी ज्या एका होकारासाठी जीव काढला तो मिळाला, आणि मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. ईस्टरला आलेलुया परत येईल गं. सगळ्या जगात येईल. यांची रजा कधी संपणार?

तुला कळवायचं नाही ही त्यांची ताकीद. म्हणतात, तिला कळलं तर सगळं टाकून धावत येईल, नोव्हिसचं वर्ष मोडेल, आणि एकदा आली की मग मला सोडून परत जायची नाही. तिला देवाला दिली ती दिली. माझ्याकडून शपथ घेतली की मी कॉन्व्हेंटला फोन करणार नाही. रजनीकडून घेतली, फादरांकडूनही घेतली. पत्राचं मात्र ते बोलायचे राहिले, माणूस कितीही हुशार असला तरी कुठेतरी राहतंच. तू ये असं मी म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, फार वाटतं. तू जायला निघालीस तेव्हा मी तोंड फिरवून उभी होते ते तुला आठवत असेल. तरी म्हणत नाही. तुझं वर्ष मोडून त्यांचा गळा जुळणार नाही.

आता का लिहिलं ते सांगते. तू गेलीस तरी ते बाजारातून आले की फाटकाशी उभे राहून हाक मारायचे. गोऽटू! पूर्वी तू गच्चीवरून ओ दिल्याशिवाय ते फाटक उघडायचे नाहीत, मालूबाई म्हणायची, आमच्या म्हशी सुद्धा मान वर करतात. तू गेल्यावर हाक तोंडातून निघून जायची, मग त्यांच्या लक्षात यायचं, आणि ते कडी काढून मुकाट आत यायचे. नाताळनंतर त्यांनी हाक मारणं बंद केलं. मला वाटलं सवय मोडली. तसं नव्हतं. गेल्या रविवारी त्यांची पिशवी घ्यायला मी फाटकाशी गेले तर म्हणाले, थोडा आवाज शिल्लक आहे, ठेवलाय. कशासाठी ते मी विचारलं नाही. सिस्टर, आम्ही सोमवारी सकाळच्या गाडीनं निघू. त्याआधी, येत्या रविवारी संध्याकाळी, फक्त एकदा तिला आमच्या घरी फोन लावून द्या. फोन तुमच्या हातात असू द्या, वर्षाला धक्का नको. हिमानी, तू रडू नकोस, काही विचारू नकोस, मी कळवलं म्हणून सांगूही नकोस, ते तुला गोटू म्हणतील आणि तू ओ दे. एवढंच. चालीसात आलेली पत्रं तुम्हाला ईस्टरलाच हातात देतात, हे तूच मागे लिहिलं होतंस. पोस्टातला माणूसही नुसतं हो जाएगा म्हणतो, शनिवारी पोचेल की नाही त्याचं त्यालाच ठाऊक. सिस्टरांनी नियम पाळला तर माझा राग नाही, नियम म्हणजे नियम. तसं झालं तर मी रविवारी त्यांना फाटकाशी घेऊन जाईन आणि तो ठेवलेला आवाज तिथेच खर्चायला लावीन. तेव्हा तू हे ईस्टरच्या सकाळी वाचत असलीस, तर जिथे असशील तिथून मोठ्यानं ओ दे, पोरी. हाक मारून झालेली असेल.

तुझीच,
रविवारी फोनपाशी बसून राहणारी
आई